पायवाट आखताना गुडघ्यांनाही विचारा

‘रोज चालत जा’ हा सल्ला आम्ही डॉक्टर मंडळी दिवसातून किती वेळा देतो, याची मोजदाद नाही. मधुमेह असो, रक्तदाब असो, बद्धकोष्ठता असो वा झोप न लागणे असो, चिठ्ठीच्या शेवटी ही ओळ येतेच. तिला भक्कम आधारही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. 65 वर्षांवरील व्यक्तींनी त्याखेरीज आठवड्यातून निदान तीन दिवस शरीराचा तोल आणि स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. मात्र कुठे चालायचे, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हा प्रश्न साधा नाही. गावातला रस्ता अरुंद, त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि भरधाव दुचाक्या. शिवारातली वाट उसाच्या कडेने जाते आणि उसात बिबट्याचा वावर असतो. म्हणून पहाटे अंधारात एकट्याने फिरायला जाऊ नका, असेही मलाच सांगावे लागते. अशा वेळी पर्यटनासाठी ज्या पायवाटा, सायकलमार्ग आणि जलाशयातील नौकामार्ग आखले जातात, त्यांच्याकडे केवळ पाहुण्यांची सोय म्हणून न पाहता आपल्या आरोग्याची साधने म्हणून पाहावे, अशी माझी विनंती आहे. आणि ती साधने कशी असावीत हे ठरते, तिथे आपणही असावे.

वाट एक, धनी अनेक

राज्य शासनाने 2018 मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे प्रतीक असलेल्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात आपला शिवनेरी आहे. साहजिकच येणाऱ्यांची संख्या वाढणार आणि नवी कामे निघणार. परंतु वाट कोणाची, असे विचारले तर उत्तर एक नाही. शिवनेरी आणि लेण्याद्री भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. भीमाशंकरचे अभयारण्य वन विभागाकडे आहे. डिंभे आणि माणिकडोहचे जलाशय जलसंपदा विभागाचे. पायथ्यापर्यंतचा रस्ता कधी सार्वजनिक बांधकाम विभागाचा, तर कधी ग्रामपंचायतीचा. प्रत्येक खाते आपापल्या हद्दीपुरते पाहते. घरातून निघून गडावर जाऊन सुखरूप परतणाऱ्या माणसाचा सलग विचार करणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

ही पोकळी भरण्यासाठी वापरकर्त्यांचे स्वयंसेवी सल्लागार गट उपयोगी पडतात. अमेरिकेत पायवाटांसाठी केंद्राचा ठरावीक निधी हवा असेल, तर राज्याला सल्लागार समिती नेमावी लागते आणि तिची वर्षातून निदान एक बैठक घ्यावी लागते. पायी फिरणारे आणि वाहनाने फिरणारे, दोघांचेही प्रतिनिधी तिच्यावर असावे लागतात. त्याच देशातील अपालाचियन ही सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची डोंगरवाट 1937 मध्ये पूर्ण झाली आणि आजही तिची देखभाल मुख्यतः स्वयंसेवक करतात.

आपल्याकडेही व्यासपीठे आहेत. फक्त त्यांच्याकडे आपण या दृष्टीने पाहत नाही. वनालगतच्या गावांत संयुक्त वन व्यवस्थापन समित्या असतात. अनेक निसर्गस्थळी प्रवेशशुल्क त्याच गोळा करतात. जैवविविधता कायदा, 2002 अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेकडील आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात आणि तेथील ग्रामसभांना पेसा कायद्याने विशेष अधिकार दिले आहेत. यांच्या जोडीला गडसंवर्धन करणारी तरुण मंडळे आणि गिर्यारोहण संस्था आहेत. सुट्टीच्या दिवशी घाम गाळून टाक्यांतला गाळ काढणाऱ्या या मुलांविषयी मला मनापासून आदर वाटतो. पण ज्याचे गुडघे पंचविशीचे आहेत, त्याला पायरीची उंची जाणवत नाही. त्यात त्याचा काही दोष नाही. ज्याला ती जाणवते, त्याने जाऊन सांगितले पाहिजे.

काय सांगायचे?

पहिली गोष्ट पायरीची. सार्वजनिक इमारतींसाठीच्या सुगम्यतेच्या निकषांत पायरीची उंची 15 सेंटिमीटरपर्यंत, पाय ठेवण्याची जागा निदान 30 सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंना कठडा असावा, असे म्हटले आहे. गडावरच्या ऐतिहासिक पायऱ्या बदलता येत नाहीत, बदलूही नयेत. परंतु पायथ्याशी जे नवे बांधले जाते, ते तरी या मापाचे असावे. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो, कारण प्रत्येक पायरीला मांडीचे स्नायू शरीराचा भार रोखून धरत असतात. म्हणून कठडा एकाच बाजूला बसवता येत असेल, तर तो उतरणाऱ्याच्या सोयीचा विचार करून बसवावा.

दुसरी गोष्ट विसाव्याची. हृदय किंवा फुप्फुसे दुबळी असलेल्या माणसाला ‘अर्ध्या वाटेवर बसायला मिळेल’ एवढा भरवसा असला, तरी तो घराबाहेर पडतो. नाणेघाटाकडे पाहा. कोकणातली बंदरे आणि जुन्नर यांना जोडणाऱ्या या घाटात सातवाहनांच्या काळातले लेणे आहे आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी वाटसरूला लागणारी सावली आणि पाणी इथे वाटेवरच होते. आजच्या आराखड्यात या दोन गोष्टी वाहनतळ आणि स्वागत कमानीच्या नंतर येऊ नयेत.

तिसरी गोष्ट बोलायला संकोच वाटतो अशी, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे स्वच्छतागृह. प्रोस्टेटची वाढ झालेला पुरुष आणि लघवीवर ताबा कमी झालेली स्त्री, दोघेही स्वच्छतागृहाची खात्री नसेल तर सहलीला येत नाहीत. आल्याच तर बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. मग उन्हात चक्कर येते आणि लघवीच्या जळजळीलाही वाट मिळते. जिन्याच्या पायथ्याशी असलेले एक स्वच्छ, पाणी असलेले, उंच बैठकीचे स्वच्छतागृह अनेक औषधांपेक्षा अधिक माणसांना चालायला लावील.

चौथी गोष्ट सायकलींची. आपटाळे, चावंड, घाटघरमार्गे नाणेघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यासारखे मार्ग सायकलस्वारांना आवडतात, आणि सायकल ही उत्तम व्यायामाची वस्तू आहे. मात्र ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना मागून येणारी सायकल कळत नाही. पायी चालणाऱ्यांची आणि सायकलींची वाट एकच असेल, तर पायी चालणाऱ्याचा मान पहिला, घंटी सक्तीची आणि वळणावर वेग कमी, हे नियम फलकावर हवेत.

पाचवी गोष्ट पाण्यावरची. डिंभे, माणिकडोह, पिंपळगाव जोगे हे सिंचनाचे जलाशय आहेत. त्यांची पातळी पावसाळ्याच्या अखेरीस वर असते आणि उन्हाळ्यात खोल जाते. दिवाळीत नावेत चढायला सोपी असलेली जागा एप्रिलमध्ये चिखलाचा उतार होऊन बसते. तरता धक्का, हात द्यायला माणूस आणि प्रत्येकाच्या अंगाला बसेल असे जीवरक्षक जाकीट, यांची व्यवस्था नसेल तर ज्येष्ठांनी काठावर बसूनच पाणी पाहावे.

आणि सर्वांत स्वस्त मागणी फलकाची. एकूण पायऱ्या किती, सावली कुठे, पाणी कुठे, शेवटचे स्वच्छतागृह कोणते, कुठून मागे फिरता येईल आणि मोबाइलला संपर्क कुठे मिळतो, एवढे खरेखुरे मोठ्या अक्षरांत लिहिले तरी पुष्कळ त्रास टळेल. आजारी माणसाला ‘चला हो, जवळच आहे’ असे सांगून वर नेऊ नये. त्याला आकडा सांगावा आणि निर्णय त्याच्यावर सोडावा.

आपल्याजवळची दुसरी शिदोरी

वृद्धांनी समितीत फक्त गरजा मांडाव्यात, असे मात्र मला म्हणायचे नाही. त्यांच्याजवळ डोंगराची आठवण असते. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे त्याखाली गेली. त्या दिवसानंतर या पट्ट्यात डोंगराच्या उतारावर कुदळ मारताना विचार करावाच लागतो. कोणता ओढा पूर्वी कुठून वाहत होता, कोणत्या बांधाखाली श्रावणात झरा फुटतो, कोणत्या कड्यावरून दरड येते आणि देवराईची हद्द कुठवर आहे, हे गावातल्या जुन्या गुराख्याला आणि सरपण आणलेल्या आजीला ठाऊक असते. भूगर्भतज्ज्ञाचा सल्ला घ्यावाच. पण आखणीपूर्वी या मंडळींना एकदा वाटेवर नेऊन विचारावे. ज्यांना चालवत नाही, त्यांच्या घरी जाऊन विचारावे. पावसाळ्यात कोणती वाट बंद ठेवायची, हेही त्यांच्याच तोंडून ऐकावे.

यासाठी फार मोठी उठाठेव लागत नाही. आपल्या ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गावातील ज्येष्ठ नागरिक संघाने दोन नावे सुचवावीत, एक पुरुष आणि एक स्त्री. आजारी माणसाची सेवा करणाऱ्या एखाद्या सुनेला किंवा मुलाला तिसरे स्थान द्यावे. चाकाची खुर्ची कुठे अडते, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. बैठक दिवसाउजेडी आणि तळमजल्यावर असावी. सूचना तोंडी न देता लेखी द्यावी, इतिवृत्तात आली की नाही ते पाहावे आणि ज्या खात्याची हद्द असेल त्याला तिची प्रत पाठवावी. सल्लागार गटाच्या हाती अधिकार नसतो, नोंद असते. पुढच्या बैठकीत ‘मागच्या सूचनेचे काय झाले?’ असे विचारता येते, ते त्या नोंदीमुळेच.

तोवर चालताना

वाटा सुधारेपर्यंत घरी बसून राहू नका. काही गोष्टी पाळल्या, तर आजही सुखाने फिरता येते.

लेण्याद्रीचा गिरिजात्मज सुमारे तीनशे पायऱ्यांवर आहे. संकष्टीला किंवा अंगारकीला कडक उपास करून, सकाळची मधुमेहाची गोळी घेऊन चढायला निघालेले भाविक दरवेळी दिसतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना पोटात काही नसेल आणि श्रम झाले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही तिची लक्षणे. उपासाच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारून डोस ठरवा, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. उपास आणि चढण यांपैकी एकच निवडले, तरी गणराय रागावणार नाही. चढणे जमतच नसेल, तर कुकडीच्या काठी ओझरचा विघ्नेश्वर सपाटीवर आहे.

चढताना छातीत दडपल्यासारखे, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखल्यासारखे वाटले आणि थांबल्यावर ते कमी झाले, तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून पुढे जाऊ नका. ती हृदयाची सूचना असू शकते. तिथेच बसा, खाली या आणि लवकरात लवकर तपासून घ्या. थांबूनही दुखणे चालूच राहिले, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

वेग ठरवायला घड्याळ नको. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग योग्य. मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही. त्यांनी नाडी मोजण्यापेक्षा ही खूण पाळावी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. सूर्य वर आल्यावर, सोबतीने निघा. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, तेव्हा तीव्र सुगंध, धूर आणि फटाके टाळा. आणि सोबतच्या तरुणांनो, सर्वांत सावकाश चालणाऱ्याला सर्वांत पुढे ठेवा. मग मागे कोणी राहत नाही.

पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली की तारीख लिहून ठेवा. जाताना एकच मागणी घेऊन जा. बाकडे, कठडा, फलक किंवा स्वच्छतागृह, जी आपल्याला सर्वाधिक नडते ती. स्वतःला जाणे शक्य नसेल, तर नातवाकडून ती लिहून घ्या, खाली सही करा आणि त्याच्याच हाती पाठवा.