हा ‘पण’ कुठल्या स्मृतीतला?

मला नात झाली. घाटकोपरला, आमच्याच वस्तीत. निरोप आला तो असा : ‘मुलगी झाली, पण दोघी सुखरूप हायेत.’

थांबा. हा ‘पण’ कशाला? मुलगा झाला असता तर ‘मुलगा झाला, मायलेकरं सुखरूप’ एवढंच आलं असतं. दोन अक्षरं. त्यात पोरीचं अख्खं आयुष्य दाबून बसवलंय.

मग एकेक माणूस यायला लागलं. कुणी म्हणालं, ‘पहिली बेटी धनाची पेटी.’ कुणी सांत्वन केलं, ‘पुढच्या टायमाला होईल बघा मुलगा.’ सांत्वन! कोण मेलंय आमच्या घरात? एकीनं दुपटं बाजूला करून पाहिलं अन् म्हणाली, ‘रंग सावळाच हाय, डाळीचं पीठ लावा.’ पोर चार दिवसांची, अन् लग्नाच्या बाजाराची तयारी सुरू. मिठाईच्या दुकानात विचारतात, पेढे की बर्फी? मुलाचे पेढे, मुलीची बर्फी. खव्यालासुद्धा जात लावली या लोकांनी.

आणि हे बोलणारे कोण? शेंडीवाले नव्हेत. दारावर निळा झेंडा लावणारे, १४ एप्रिलला रात्रभर नाचणारे, आपलेच. याच घाटकोपरात माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, १० माणसं गेली. इथली माणसं बंदुकीला भ्यायली नाहीत. मग बर्फीला का भितात?

पोरांनो, तुम्ही सभेत गळा फाडून सांगता, जन्मावरून माणसाची किंमत ठरवणं हा गुन्हा आहे. बरोबर. मग पाळण्यातल्या पोरीची किंमत कशावरून ठरवता? तिनं अजून केलंय काय? रडलीय, दूध प्यालीय, झोपलीय. तिच्यापाशी जन्माशिवाय काहीच नाही. अन् त्या जन्मावरूनच तुम्ही तिला खालच्या पायरीवर बसवलंत. ही वर्णव्यवस्थाच की! फक्त गावकुसाबाहेरची नाही, दहा बाय बाराच्या खोलीतली. पाणी बंद होतं म्हणून आपण १९२७ला महाडचं तळं गाठलं. घरात पोरीला काय काय बंद, त्याची यादी कोण करणार?

बाबासाहेबांनी हा हिशोब कधीच मांडून ठेवलाय. १९५१ साली ‘महाबोधी’ मासिकात हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर त्यांनी लेख लिहिला. त्यात कोसलचा राजा पसेनदी येतो. राणी मल्लिकेला मुलगी झाल्याचं कळतं अन् राजाचं तोंड पडतं. समोर बुद्ध. ते ‘पुढच्या वेळी होईल’ म्हणत नाहीत. सांगतात, मुलगी मुलापेक्षाही सरस निघू शकते. त्याच उपदेशात पुढं ती सासूला मान देईल, शूर पुत्र जन्माला घालील, असंही येतं. तेवढं तिथंच ठेवा. मुलगी चांगली ठरायला तिच्या पोटी मुलगाच कशाला यायला हवा? पण पसेनदीचं पडलेलं तोंड अजून आमच्या गल्लीत फिरतंय. फक्त त्याच्या गळ्यात आता निळा गमछा आहे.

गोड बोलणारे तर जास्त घातक. एक म्हणतो, ‘लक्ष्मी आली.’ बाबा रे, १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला देव सोडले ना आपण? मग ही लक्ष्मी कुठल्या खिडकीतून आत शिरली? देवी केली की माणूस म्हणून वागवावं लागत नाही, हे त्यातलं मर्म. दुसरा म्हणतो, ‘हिला मुलासारखी वाढवणार.’ म्हणजे मोजपट्टी मुलाचीच. अरे, मुलगी म्हणूनच वाढव. फक्त तिला पोटभर खाऊ दे, हवं ते शिकू दे, कामावरून उशिरा आली तर दारात उभा राहून जाब विचारू नको. तिसरा म्हणतो, ‘रमाईसारखी होऊ दे.’ इथं माझ्या पोटात कालवतं. रमाईनं चार लेकरं मातीत घातली. त्यातली एक मुलगी होती, इंदू. गरिबीनं तिच्यावर जे लादलं, ते तुम्ही आता पोरींना वळण म्हणून शिकवणार? तिनं उपास काढले म्हणून आमच्या पोरींनीही मुकाट काढावेत, हा कुठला न्याय?

हे नुसतं बायाबापड्यांचं बोलणं आहे, असं समजू नका. ते कुठवर पोचतं ते पाहा. १९८०च्या दशकात मुंबईच्या लोकल गाड्यांत गर्भलिंग तपासणीच्या जाहिराती उघड लागायच्या. आज थोडे पैसे घाला, उद्याचा हुंडा वाचवा, असा त्यांचा सूर. बायकांच्या संघटना भांडल्या, तेव्हा १९८८ला महाराष्ट्रानं देशातला पहिला बंदी कायदा केला. केंद्राचा १९९४ला आला. तरी काय झालं? सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं राज्यात १९९१ला ९४६ मुली होत्या. २००१ला ९१३. २०११ला ८९४. शाळा वाढल्या, दवाखाने वाढले, अन् मुली घटल्या. २०१७ला सांगली जिल्ह्यात म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले. हे अडाण्यांचं काम नव्हे. मशीनला शिकलेला माणूस लागतो अन् पैसे भरायला कमावता नवरा. जन्मल्या त्यांच्या कपाळीही नाव काय आलं? ‘नकुशा’. सातारा जिल्ह्यात २०११ला २८५ मुलींची असली नावं समारंभ करून बदलावी लागली.

आमच्या वस्तीत मशीनला पैसे कुठले, म्हणून छाती फुगवू नका. आमच्याकडं दुसरं हत्यार आहे. हक्कसोडपत्र. बाप गेला की भाऊ येतो. ‘ताई, एवढी सही कर, खोलीचे कागद करायचेत, बिल्डरची माणसं मागतायत.’ ताई सही करते. नाही केली तर माहेर तुटतं. मुलीला वाटा मिळावा म्हणून ज्यानं हिंदू कोड बिलासाठी रक्त आटवलं, ते अडवलं म्हणून सप्टेंबर १९५१ला मंत्रिपद सोडलं, त्याच्या फोटोखाली बसून तुम्ही बहिणीचा वाटा खाता? १९५६च्या वारसा कायद्यानं बापाच्या कमाईत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाइतका वाटा दिलाय. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. फोटोला हार घालण्याआधी तो वाचा.

सरकारची ‘लेक लाडकी’ योजना आहे. पिवळ्या-केशरी कार्डाच्या घरात १ एप्रिल २०२३पासून जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्यानं १ लाख १ हजार, त्यातले ७५ हजार अठराव्या वर्षी. आमच्याकडं एकजण लगेच बोलला, ‘चला, लग्नाच्या हॉलचं भागलं.’ २० जुलै १९४२ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका म्हणून बजावलं होतं. ८० वर्षं उलटली, अन् आम्ही पाळण्यापाशी हॉल बुक करतोय.

आता तुम्ही, चळवळीतली शिकलेली पोरं. पँथरचा १९७३चा जाहीरनामा काढा. दलित कोण, याच्या व्याख्येत स्त्रिया लिहिल्यात. मग बैठकीत चहा कोण करतं? पोरी. माईकवर कोण? तुम्ही. बाया सुरुवातीपासून लढल्या, तरी १९८९ साली मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांना ‘आम्हीही इतिहास घडवला’ असं पुस्तक काढून ओरडून सांगावं लागलं.

माझ्या नातीला बघायला येताना झबलं-टोपडं आणू नका. ढीग झालाय, अन् सगळा गुलाबी. त्यापेक्षा कामं वाटून घ्या. नळाला पाणी आलं की हंडा घरातल्या पुरुषानं उचलावा. बारशाला जेवण पुरुषांनी रांधावं. दुपटी धुणाऱ्या बापाला ‘बायल्या’ म्हणणाऱ्याचं तोंड तुम्ही बंद करायचं, मी नाही. अभ्यासाचा उजेडाचा कोपरा पोरीचा. खोलीच्या कागदावर तिचं नाव. अन् येत्या रविवारच्या बैठकीत आपापल्या बहिणीला घेऊन या, चहाला नाही, बोलायला. ज्यानं तिच्याकडून सही घेतलीय त्यानं तो कागद सोबत आणावा अन् सगळ्यांसमोर फाडावा. तोवर जन्मावरून किंमत ठरवणाऱ्यांविरुद्ध घोषणा देऊ नका. ती घोषणा तुमच्यावरच आहे.