वाघ कोणी काढला?

गेल्या पावसाळ्यात विद्यानगरातील एका स्नेह्यांकडे आमची नेहमीची मंडळी जमली होती. चहा झाला, गुडघेदुखीची चर्चा झाली आणि मग एका ज्येष्ठ सदस्यांनी विषय काढला, की परीकथांवर हल्ली जे भयपट निघत आहेत त्यांचा या त्रैमासिकातून निषेध व्हावयास हवा. निमित्त होते ‘द अग्ली स्टेपसिस्टर’ या २०२५ सालच्या नॉर्वेजियन चित्रपटाचे. सिंड्रेलाची गोष्ट त्यात सावत्र बहिणीच्या बाजूने सांगितली आहे, आणि बुटात पाय मावावा म्हणून तिच्या पायाची बोटे तोडली जातात. ‘निरागस बालकथेचे हे विद्रूपीकरण!’ असे उद्गार निघाले, सर्वांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. त्याबद्दल घरी परतताना मला जे ऐकावे लागले ते सोडून देतो. मान का डोलावली नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट अशी, की ती बोटे चित्रपटवाल्यांनी तोडलेली नाहीत. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात एक बहीण बोट कापते, दुसरी टाच कापते, आणि रक्त पाहून राजपुत्राला फसवणूक उमगते. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर पारव्यांकरवी त्या बहिणींचे डोळेही फोडविले गेले. त्याच आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली सख्खी आई मात्र सावत्र झाली. आईपणाला बट्टा नको, हा त्यामागील हिशेब. म्हणजे रक्त चालते, आई चालत नाही! पेरोच्या १६९७ च्या पुस्तकात लाल टोपीवालीला लांडगा खातो आणि गोष्ट तेथेच संपते. पोट फाडून तिला बाहेर काढणारा शिकारी पुढे ग्रिमांकडे आला. ज्या निरागसतेच्या नावाने आपण गळा काढतो ती मूळ कथेत नाहीच. ती नंतर चढवलेली कल्हई आहे.

पण परक्यांचे कशाला? भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी आपली म्हातारी घ्या. जाताना तिला वाघ भेटतो, खातो म्हणतो. ती म्हणते, लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन लठ्ठ होऊन येते, मग खा. या गोष्टीचा सगळा जीव त्या वाघाच्या भुकेत आहे. वाघाला खरोखरच खावयाचे आहे, म्हणून म्हातारीच्या चातुर्याला किंमत आहे. माझ्या नातवासाठी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी घरात आणलेल्या एका चित्रपुस्तकात मात्र हा वाघ म्हातारीचा मित्र झाला होता आणि शेवटी सगळे प्राणी मिळून लाडू खात होते. मग म्हातारी भोपळ्यात बसली कशाला, असे चार वर्षांच्या त्या मुलाने विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी ते पुस्तक मिटले नाही, पुढचे पान उलटले. त्याचा आता पश्चात्ताप होतो.

आपल्या पिढीला भीतीचे एवढे वावडे नव्हते. १९५२ पासून मद्रासहून मराठी ‘चांदोबा’ निघू लागला; आपल्या शेजारची तेलुगू मुले ‘चंदमामा’ वाचीत आणि आपण ‘चांदोबा’. दोघांच्याही हातात चित्रकार शंकर यांचे तेच चित्र असे: स्मशान, तलवार, विक्रमाच्या खांद्यावर प्रेत आणि प्रेतात वेताळ. याहून भयंकर चित्र कोणत्या भयपटात आहे? आणि ते आपण नऊ-दहा वर्षांचे असताना, रात्री, कंदिलापाशी पाहिले. त्याने कोणी बिघडल्याचे ऐकिवात नाही. वेताळ भिववीत असे, पण त्याच दमात प्रश्न विचारीत असे. उत्तर ठाऊक असूनही बोलला नाहीस तर डोक्याची शकले होतील, अशी अट घालीत असे. ही अट महत्त्वाची आहे. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

या वेताळकथा सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहेत, आणि त्या सागराचे मूळ गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’त. आख्यायिका अशी, की गुणाढ्याने सात लक्ष श्लोक पैशाची भाषेत, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिले. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाने भाषा पिशाचांची आणि अक्षरे रक्ताची म्हणून ते नाकारले. तेव्हा गुणाढ्य अरण्यात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी; राजाला पश्चात्ताप होईतो एक लक्ष श्लोक उरले होते. पैठणचा हा राजा मराठ्यांचा की आंध्रांचा, यावर आपल्या व तेलुगू मित्रांच्या मैफलीत पुष्कळ वाद झाले आहेत. रक्ताने लिहिलेली कथा अशिष्ट म्हणून परत पाठवणारा रसिक तो आमचाच, असा दावा करण्यात मला आता फारसा रस उरलेला नाही.

आता अटीकडे वळतो. सर्व भयपटांना मी पाठीशी घालतो असे नव्हे. ‘विनी द पू’चे १९२६ सालचे पुस्तक अमेरिकेत २०२२ च्या आरंभी स्वामित्वहक्कातून मोकळे झाले आणि २०२३ मध्ये त्या बिचाऱ्या अस्वलाला खुनी करणारा चित्रपट निघालासुद्धा. त्यात मारणे आहे, मरणे आहे, परंतु अट नाही. कोणी काय मोडले म्हणून हे घडले, याचा पत्ता नाही. कथेतील भीतीला कायदा असतो. हे दार उघडू नकोस, मागे वळून पाहू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. कायदा काढून नुसते रक्त ठेवले की उरतो तो खाटिकखाना, आणि रक्त काढून कायदाही पुसला की उरते ते लाडवांचे चित्रपुस्तक. दोहोंचा दोष एकच आहे. आपण निषेध करतो तो मात्र पहिल्याचाच.

हा कायदा सांभाळणारा भयपट आपल्याच मातीतून निघालेला आहे, आणि त्या बैठकीत त्याचे नावही कोणी घेतले नाही. राही अनिल बर्वे यांचा ‘तुम्बाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला; सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक चालला. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमीदाबाईची कोठी’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे हे चिरंजीव. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले, कथेचे बीज नारायण धारपांचे. धारपांची ‘आजी’ ही कथा स्टीफन किंग यांच्या कथेवर बेतलेली, हे सांगून कोणी नाक मुरडील, मुरडो. कथा गावोगाव फिरल्या नसत्या तर पंचतंत्र अरबस्तानात गेले नसते.

या चित्रपटात समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर सोन्यामागोमाग धान्यावर हात टाकतो, तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. आई त्याला वाचवते, पण एका अटीवर: त्याची पूजा कधीही व्हायची नाही. एक घराणे लोभापायी नेमके तेच करते, आणि तुम्बाडावर पाऊस कोसळतच राहतो. पिठाची बाहुली भुकेल्या हस्तरापुढे टाकावी, तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून मोहरा ओढून पळावे, हा विनायकाचा धंदा. अधिक हव्यासाने बापलेक एकाऐवजी पुष्कळ बाहुल्या घेऊन उतरतात, तर प्रत्येक बाहुलीमागे एकेक हस्तर उभा राहतो. श्रावणात आपल्या आया ज्या कहाण्या वाचीत, त्या आठवून पाहा. देवाची अट, माणसाचे उतणे-मातणे, मग घराची वाताहत. ‘तुम्बाड’ ही उलटी केलेली कहाणी आहे. वसा टाकल्याची नव्हे, घेऊ नये तो वसा घेतल्याची. आणि साखळदंडात जखडलेली ती भुकेली म्हातारी हस्तराच्या नावाने झोपी जाते, जसे आपण बागुलबुवाच्या नावाने जात होतो.

माझा तोच नातू आता कॉलेजात आहे. ‘तुम्बाड’ त्याने दुसऱ्या खेपेला थिएटरात पाहिला आणि घरी येऊन विचारले, “आजोबा, तुमच्याकडे अशा गोष्टी होत्या, तर मला कधी सांगितल्या का नाहीत?” तो हे हिंदीत बोलला. चित्रपटही हिंदीच आहे. मराठी आजीच्या मांडीवरची भीती आमच्या घरात हिंदीतून, तिकीट काढून आली. याचा निषेध कोणाच्या नावाने करावयाचा? नॉर्वेच्या?

मी त्याला भोपळ्याची गोष्ट सांगावयास बसलो आणि परतीच्या वाटेवर अडलो. वाघाच्या आधी अस्वल की कोल्हा, भोपळा फुटतो की नाही, काही आठवेना. अखेर काचीगुड्याला थोरल्या भगिनीस फोन केला. तिने न अडखळता सगळी गोष्ट सांगितली. तिच्या गोष्टीत वाघ शेवटपर्यंत भुकेलाच आहे.

निषेधासाठी संपादकांकडे दोन पाने मागण्याचे त्या बैठकीत ठरले होते. ती पाने मला द्यावीत, अशी माझी विनंती आहे. भगिनीने सांगितलेली गोष्ट मी तिच्याच शब्दांत उतरवून काढली आहे. ती दीड पानात बसते.