चालते काम मोडू नका

यवतमाळ जिल्ह्याला योजनांची वाण कधी पडली नाही. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. २०१५ मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान आले, गावोगावी समित्या झाल्या. त्याच सुमारास विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आरोग्य विभागाचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. शाळांसाठी आधी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आले, मागाहून ‘निपुण भारत’. प्रत्येक वेळी उद्घाटने झाली, फलक लागले, आढावा बैठका झाल्या. यातले नेमके काय उपयोगी पडले आणि ते आज कोणत्या गावात कोणाच्या हातून चालू आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांच्या कुटुंबाची आत्महत्या १९ मार्च १९८६ ची. शेतकरी आत्महत्यांचे दुखणे चार दशकांचे आणि औषध तीन-तीन वर्षांचे, अशी या जिल्ह्याची स्थिती आहे. नव्या योजनेची घोषणा करण्याआधी चालती कामे टिकवण्याचा निर्णय सरकारला आता घ्यावाच लागेल.

प्रेरणा प्रकल्पाचेच पाहा. कागदावर तो साधा आहे. आशाताई घरोघरी जाऊन प्रश्नावली भरतात. झोप लागते का, जेवण जाते का, कामात मन लागते का, असे विचारतात. ताण किती, ते पाहून समुपदेशन, आरोग्य केंद्र किंवा थेट जिल्ह्याचा मानसोपचारतज्ज्ञ अशी वाट ठरते. १०४ क्रमांकावर फोनही करता येतो. पण बोंडे फुटायच्या वेळी पावसाने झोडपले किंवा गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, की पारावर कोण दिसेनासा झाला, हे गावातल्या बाईलाच आधी कळते. तो माणूस तिच्यापाशी बोलतो, कारण त्याच्या सुनेच्या बाळंतपणात तीच धावली होती आणि नातवाचा डोसही तिनेच चुकू दिला नव्हता. हा विश्वास वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्यातून आलेला असतो, प्रशिक्षणाच्या दोन-तीन दिवसांत तो कमावता येत नाही. ही आशाताई मात्र मोबदल्यासाठी २०२३ आणि २०२४ मध्ये संपावर गेली. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचारी अकरा महिन्यांच्या करारावर दिवस काढतात. ज्याची स्वतःची नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही याची खात्री नाही, त्याने दुसऱ्याला धीर द्यावा, अशी अपेक्षा आपण करतो.

अशा कामाचा उपयोग होतो का, याचा पुरावा शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तेथील ३० गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार करून नैराश्यावर काम केले. ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी उपचार वा मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे काम महागडी यंत्रे किंवा मोठ्या इमारतींशिवाय झाले. पण ते ३० गावांपुरते आणि ठरावीक मुदतीचे होते. जे ३० गावांत सिद्ध झाले, ते यवतमाळच्या सोळा तालुक्यांत कायमचे का रुजू नये, याचे उत्तर शासनाने द्यायला हवे.

शाळांत हेच दिसते. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने मुले शिकती केली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. अनेक ठिकाणी परत आल्यावर वर्गाची फरशी रंगली, भिंतींवर अक्षरे आली. रंग सहज नेता येतो. मुलाला आज काय येते ते पाहून उद्याचा पाठ ठरवण्याची सवय नेता येत नाही. ती शेजारी बसून, चुकत-माकत, वर्षभर करून अंगी येते. कुमठ्यात अधिकारी वर्गात बसत होत्या. इतरत्र ते पाठबळ न देता पद्धत तेवढी पोहोचवली गेली, आणि फरशीवरचे रंग उडाले तशी पद्धतही विसरली गेली.

झरी जामणी, मारेगाव, केळापूरकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, तर याची किंमत मुलेच मोजतात. पहिलीतले मूल कोलामी बोलत शाळेत येते. गुरुजींना त्याचे शब्द उमजायला एक वर्ष जाते, आई-बापाचा भरवसा बसायला दुसरे. मग बदलीच्या यादीत नाव येते आणि नवे गुरुजी पहिल्या शब्दापासून सुरुवात करतात. शिक्षकाला जन्मभर एका पोडावर अडकवावे असे कोणी म्हणणार नाही. बदली हा त्याचा हक्क आहे. पण त्याने तयार केलेली शब्दांची वही, प्रत्येक मुलाची नोंद, कोणत्या घरी काय अडचण आहे याची माहिती पुढच्या शिक्षकाच्या हाती पडेल अशी कोणतीही सक्ती नाही.

जुने, मुरलेले कामही जपावे लागते, हे ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे दिसले. पोलिओच्या डोसाऐवजी १२ बालकांना सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले बचावली. पल्स पोलिओइतकी यशस्वी मोहीम देशात दुसरी नाही, तरीही एका बूथवर उजळणी आणि देखरेख कमी पडली की काय होते, ते जिल्ह्याने पाहिले. २०१७ च्या खरिपात कीटकनाशकाच्या विषबाधेने याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. त्यानंतर मोहिमा झाल्या, मास्क-हातमोजे वाटले गेले. पण फवारणारा मजूर दरवर्षी नवा असतो, औषधेही नवी येतात. म्हणून हे काम दर खरिपात, पहिल्या फवारणीच्या आधी व्हायला हवे. बातमी झाल्यावर नव्हे.

मग काम टिकते कशाने? उत्तर महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बाईच्या हाती वजनकाटा, थर्मामीटर आणि नोंदवही देऊन नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते जगापुढे मांडले. हे काम एका संस्थेपुरते राहिले नाही, कारण कोणत्या दिवशी भेट, काय तपासायचे, कधी दवाखान्यात न्यायचे, हे सारे लिहून ठरवलेले होते. २०११ पासून ते देशभरच्या आशांच्या कामात आले आणि त्यासाठी मोबदलाही ठरला.

दुसरे उदाहरण रोजगार हमीचे. वि. स. पागे यांच्या या कल्पनेला १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रूप आले, तेव्हा मुख्यमंत्री होते पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. १९७५ मध्ये ते पायउतार झाले. योजना मात्र राहिली. त्याच वर्षी तिच्यासाठी व्यवसाय कर लागू झाला. १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ पासून अमलात आला. काम मागणे हा मजुराचा हक्क ठरला. पुढची सरकारे आली-गेली, पण कायदा, राखीव पैसा आणि लोकांचा हक्क या तीन आधारांमुळे योजना टिकली, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याला ती पथदर्शक ठरली. यवतमाळच्या सुपुत्राच्या कारकिर्दीतला हा धडा यवतमाळने तरी विसरू नये.

सगळ्याच योजना जगवाव्यात असे आमचे म्हणणे नाही. ज्यांचा उपयोग नाही त्या धाडसाने बंद कराव्यात, कारण त्याही त्याच हातांवर पडतात. आशा, अंगणवाडी सेविका आणि दोनशिक्षकी शाळेतले गुरुजी यांच्याच माथी प्रत्येक नवे ॲप आणि नवी नोंदवही येते. नवे काम वाढले की जुने आपोआप मागे पडते. ते बंद करण्याचा आदेश कोणी काढलेला नसतो. म्हणून नवी योजना आणणाऱ्याने आधी कोणते काम कमी करणार, ते सांगावे.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. प्रेरणा प्रकल्पातील समुपदेशक आणि मानसोपचाराची पदे नियमित करावीत, आशांचा मोबदला दरमहा ठरल्या तारखेला द्यावा. जिल्हा नियोजन समितीने आपल्या निधीचा ठरावीक हिस्सा चालत्या आणि उपयोगी ठरलेल्या कामांसाठी राखावा. नव्या घोषणांना त्याला हात लावता येऊ नये. नवा शिक्षक रुजू झाल्याखेरीज पोडावरच्या शिक्षकाला कार्यमुक्त करू नये आणि दोघांनी किमान पंधरा दिवस एकत्र शिकवावे. प्रशिक्षणाची उजळणी दरवर्षी व्हावी. प्रत्येक योजनेचा हिशेब वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचला जावा. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासकाकडे गेला, त्या काळात विचारणारा सदस्यच उरला नाही. अशा वेळी ग्रामसभेचा अधिकार आणखी महत्त्वाचा ठरतो.

यातील बहुतेक गोष्टींना मोठा पैसा लागत नाही. लागतो तो दरवर्षी आणि वेळेवर लागतो. नव्या योजनेचे श्रेय ती आणणाऱ्या मंत्र्याला मिळते, जुनी टिकवणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही, म्हणून हे राहून जाते. पालकमंत्र्यांनी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी पुढच्या आढावा बैठकीत नवे काय सुरू करायचे हा विषय बाजूला ठेवून, गेल्या दहा वर्षांत सुरू झालेले आणि उपयोगी ठरलेले कोणते काम आज चालू आहे, याची यादी तालुकावार मागवावी. जे चालू आहे त्याला पद, पैसा आणि मुदतीविना हमी द्यावी. यवतमाळच्या शेतकऱ्याचे आणि पोडावरच्या पोराचे इतके देणे जिल्ह्याकडे नक्कीच आहे.