शिट्टी वाजते, म्हणजे दमाच का?

धानावर फवारताना विषबाधा झाली, दवाखान्यात घशात नळी घालून यंत्रावर ठेवले, माणूस वाचला. पण काही आठवड्यांनी श्वास घेताना शिट्टी वाजू लागली, तर दमा समजून बसू नका. नळी रुतलेल्या जागी श्वासनलिकेला जखम होते. ती भरणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी कधी थांबतच नाहीत, फुटका बांध भरला तरी माती टाकत राहावे तशा. व्रण जाड होतो, वाट अरुंद. त्यांना कोणत्या पेशी चिथावतात, हे शास्त्रज्ञ व्रणाचे तुकडे तपासून शोधत आहेत. तोवर दुर्बिणीतून वाट रुंद करणे किंवा अरुंद भाग कापून जोडणे, हे उपाय आहेतच. मुर्रीकरांना गोंदियाचे २०१६ साली सुरू झालेले सरकारी मेडिकल कॉलेज जवळ. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना नळीची गोष्ट आधी सांगा. श्वास कोंडत असेल तर सकाळची वाट पाहू नका.