फोटोचा सौदाही लेखी करा

आम्ही कापडाचे व्यापारी. ताग्याचा पन्हा, मीटर आणि भाव चिठ्ठीवर उतरल्याशिवाय माल उचलत नाही. पण घरच्या लग्नात फोटोग्राफर ठरवताना तोंडी बोलीवरच बयाणा देऊन मोकळे होतो. आमच्या पुतणीच्या निकाहात हेच झाले. काम उत्तम झाले. पण महिनाभरात जनान्यातले फोटो स्टुडिओच्या जाहिरातीत इन्स्टाग्रामवर झळकले. विचारले तर उत्तर मिळाले, "फोटो मी काढले, ते माझेच."

हे खरे नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढवून घेणाराच असतो. म्हणून स्टुडिओच्या छापील फॉर्मवर न वाचता सही करू नका. हा हक्क तिथेच हातचा जाऊ शकतो.

व्यावसायिक फोटोग्राफर जरूर ठेवा. त्याची मजुरी पाडू नका. तोही कारागीरच आहे. मात्र चार गोष्टी लिहून घ्या: जनान्यात बाई फोटोग्राफर असेल, अल्बम अमुक तारखेला मिळेल, मूळ फाइली आम्हाला मिळतील आणि आमच्या परवानगीशिवाय एकही फोटो कुठे दाखवला जाणार नाही. तागा खराब निघाला तर परत करता येतो. बाजारात गेलेला फोटो परत येत नाही.