आधी पिस्तूल काढा

आमच्या शाळेत वार्षिक प्रदर्शनाला प्रत्येक हाउस एक लघुपट दाखवतं. सहावीपासून मी जे लघुपट पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत पिस्तूल आहे. कथा कुठलीही असो, शेवटाकडे कुणीतरी कुणावर तरी खेळण्यातलं पिस्तूल रोखतो, मोबाइलमधून उचललेलं संगीत वाजतं आणि मागच्या रांगेत हशा पिकतो. हसणाऱ्यांत मीही असतो. माझं मत असं आहे की पुढच्या वर्षापासून आपण हे थांबवावं. थ्रिलर करू नये असं मी म्हणत नाही. थ्रिलरच करावा, पण पिस्तुलाशिवाय. हे म्हणण्याचा हक्क मला कसा मिळाला ते सांगतो, कारण तो फुकट मिळालेला नाही.

माझं घर रायपूरला, तात्यापाऱ्यात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलामुळे छत्तीसगडात जी मराठी घरं येऊन राहिली, त्यांच्या खुणा या वस्तीच्या नावातही आहेत. आमच्याकडे घरात मराठी, दारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी चालते. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी, दोन मावसभाऊ, शेजारचा एक मित्र आणि माझी धाकटी बहीण असे पाच जण मिळून बारा मिनिटांचा थ्रिलर करायला निघालो. प्रत्येकाने साठवलेले पैसे काढले. एकूण २,४०० रुपये जमले. कॅमेरा म्हणजे थोरल्या मावसभावाचा मोबाइल.

पहिली खरेदी काय केली असेल? ६५० रुपयांचा ट्रायपॉड आणि ३५० रुपयांचं पिस्तूल. पिस्तुलाचं टोक नारिंगी होतं, ते ‘खोटं दिसतं’ म्हणून १५० रुपयांचा काळा स्प्रे आणला. पटकथा दीड पानात उरकली होती. पिस्तुलाला रंग द्यायला मात्र अख्खी दुपार घालवली. कथा अशी की शेअर रिक्षात दोन मुलांच्या बॅगा बदलतात आणि एकाला आपल्या बॅगेत पिस्तूल सापडतं. मग पाठलाग.

पाठलाग संध्याकाळी सहाच्या सुमाराला एका तलावाच्या काठावर घ्यायचा ठरला. रायपुरात तलावांना तोटा नाही. मला लांबून, झूम करून, गर्दीतून धावणारा मुलगा हवा होता. म्हणून मी पायऱ्यांवर, जवळजवळ साठ मीटरवर जाऊन बसलो. धाकटा मावसभाऊ पिस्तूल हातात घेऊन धावला आणि त्याच्यामागे तोंडाला गमछा बांधलेला मित्र. मला मोबाइलच्या पडद्यावर चित्र फार छान दिसत होतं. काठावरच्या माणसांना मी दिसतच नव्हतो. त्यांना दिसलं ते एवढंच, की एक पोरगा पिस्तूल घेऊन अंगावर येतोय.

एक बाई मुलाला उचलून ओरडल्या. माणसं दोन्ही बाजूंनी सरकली, आणि मग तिघा-चौघांनी भावाला धरलं. तो कलिंगडाच्या गाडीवर आदळला. दोन थपडा बसल्या. एकाच्या हातात वीट होती. ती वीट मी साठ मीटरवरून झूममध्ये पाहिली. ओरडत धावलो, पण साठ मीटर धावायला लागणारा वेळ विटेला लागत नाही. तेवढ्यात गस्तीवरचे एक हवालदार मध्ये पडले, म्हणून पुढचं टळलं.

त्यांनी मला बाजूला घेतलं. मी ‘शूटिंग, शूटिंग’ एवढंच म्हणत होतो. ते म्हणाले, “बेटा, कैमरा किसको दिखा? पिस्तौल सबको दिखी.” बाकी काही केलं नाही. घरी फोन लावायला लावला आणि फुटलेल्या कलिंगडांचे ३०० रुपये आमच्याकडून त्या गाडीवाल्याला देववले. वीट उचलणारा माणूस नंतर भावाला पाणी पाजत होता. त्या माणसाला मी आजही दोष देऊ शकत नाही. ज्या राज्यात बंदुकीच्या बातम्या वर्षानुवर्षं रोजच्या पेपरात आल्या, तिथल्या माणसाने हातातलं पिस्तूल खोटं आहे असं समजून का चालावं?

घ्यायला मामा आले. ते फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेत. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “रेकी केली होती का?” मी म्हटलं, केली होती, जागा दोनदा पाहिली. “जागा पाहिलीस. तिथली माणसं पाहिलीस का?”

आपल्या शाळेत .२२ रायफलीच्या पहिल्या दिवशी काय शिकवतात? गोळी झाडायला नव्हे. नळी कुठे ठेवायची, बोट कुठे ठेवायचं आणि ‘जाँच शस्त्र’ म्हटल्यावर काय दाखवायचं. रिकामी आहे हे माहीत असलं तरी भरलेली समजायची. हे मला चार वर्षं पाठ आहे, आणि तरी सुट्टीत घरी गेल्यावर ती माझ्या डोक्यात ‘प्रॉप’ झाली. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये ‘रस्ट’ चित्रपटाच्या सरावात नेमकं हेच झालं. अभिनेत्याच्या हातात दिलेली पिस्तूल सुरक्षित आहे असं सांगितलं गेलं होतं, आणि तिच्यात खरी गोळी होती. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या छायालेखिका हॅलिना हचिन्स त्यात गेल्या, दिग्दर्शक जखमी झाले. तिथे शस्त्रं सांभाळायला पगारी माणूस नेमलेला होता. आमच्याकडे स्प्रेचा डबा होता.

दोन दिवस आम्ही कुणीच चित्रपटाचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी ज्याला थपडा बसल्या होत्या तोच म्हणाला, “बॅगेत पिस्तूल नको. मग काय असेल?” बहीण म्हणाली, “त्याच्या बॅगेत काहीच नको. आपली बॅग ज्याच्याकडे गेली, त्याच्याकडे काय गेलं ते बघा ना.”

माझ्या मते आमचा चित्रपट तिथे सुरू झाला. मुलाच्या बॅगेत काय असतं? वह्या, डबा, घराची किल्ली. वहीच्या पहिल्या पानावर नाव आणि पत्ता. म्हणजे आता एका अनोळखी माणसाकडे पत्ता आहे आणि किल्लीही आहे. मुलगा दुपारी घरात एकटा आहे आणि त्याला हे अजून सुचलेलंच नाही. प्रेक्षकाला मात्र दुसऱ्याच मिनिटाला एक हात बॅगेतून किल्ली काढताना दिसला आहे.

हिचकॉक या दिग्दर्शकाने हे फार सोप्या उदाहरणाने समजावलं होतं. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो एकदम फुटला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगितलं आणि टेबलावरची माणसं मजेत गप्पा मारत बसली, तर तोच प्रेक्षक पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून बसतो. आपल्या हाउसच्या लघुपटात पिस्तूल अचानक निघतं. ते दचकवतं, आणि तेही जमलं तर. थरार वाट पाहण्यात असतो, आणि वाट पाहायला पैसे पडत नाहीत.

कुणी म्हणेल, हे परदेशी झालं. मग अमित मसुरकर यांचा २०१७ चा ‘न्यूटन’ पाहा. तो आमच्याच राज्यात, बालोद जिल्ह्यातल्या दल्ली राजहरा भागात चित्रित झाला. जंगलातलं एक मतदान केंद्र आणि ७६ मतदार, एवढीच गोष्ट. त्यात बंदुका पुष्कळ आहेत, हे कबूल. पण भीती वाटते ती दिसणाऱ्या बंदुकांची नाही, झाडीत न दिसणाऱ्या माणसांची. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी पुढचं वाक्य सोडून द्यावं. हल्ला झाला म्हणून सगळे पळतात, तो हल्ला नुसता आवाज असतो, आणि तो केलेलाही आपल्याच बाजूच्या माणसांनी असतो.

आवाजाचं आम्हाला कूलरने शिकवलं. मे महिन्यात रायपूरला ४४ अंशांपर्यंत पारा जातो आणि प्रत्येक घरात कूलर घरघरत असतो. संवाद ऐकूच येईनात. म्हणून प्रत्येक टेकला कूलर बंद, टेक संपला की चालू, आणि मध्ये सगळे घामाघूम. चौथ्या टेकला बहीण म्हणाली, “कूलर बंद झाला की घर एकदम मोठं वाटतं.” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग पटकथेत तेच घातलं. मुलगा कूलरसमोर झोपलाय, मागे दार दिसतंय, घरघर चालू आहे. वीज जाते. पाती मंद होत थांबतात. आणि त्या शांततेत कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज. हा आवाज आम्ही दुसऱ्या मोबाइलवर, गोधडी पांघरून, कुलपाजवळ वेगळा घेतला. त्याला शून्य रुपये लागले. शेवट इथे सांगत नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही तीन दिवस नुसते कागदावर बसलो. क्रिस्टोफर नोलन यांचा पहिला चित्रपट ‘फॉलोइंग’, १९९८ चा, मित्रांना घेऊन सुमारे वर्षभर शनिवारी-शनिवारी केलेला आहे. प्रत्येक प्रसंगाची आधी भरपूर तालीम केली, कारण फिल्म महाग होती आणि एक-दोन टेकपेक्षा जास्त परवडत नव्हते. मोबाइलमध्ये टेक फुकट असतात, त्यामुळे आपल्याला हा धाक राहत नाही. आम्ही तो मुद्दाम लावून घेतला: ३८ शॉट, दोन दिवस, शॉटला तीनच टेक. पहिल्या खेपेला तीन संध्याकाळी मिळून नऊ शॉट झाले होते.

काही गोष्टी तरीही चुकतच शिकलो. मोबाइल एअरप्लेन मोडवर नव्हता, तर ऐन शांततेत आत्याचा फोन आला. ट्यूबलाइटखाली चित्र फडफडत होतं. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवल्यावर ते थांबलं. भिंतीवरचं घड्याळ एका शॉटमध्ये अकरा आणि त्याला जोडलेल्या शॉटमध्ये चार दाखवत होतं, म्हणून सेल काढून काटे ३ वाजून १० मिनिटांवर ठेवले आणि सेल परत घालायला विसरलो. आजी त्या दिवशी चहाची वाट पाहत बसली होती. रिक्षाचा प्रसंग उभ्या रिक्षात केला. रिक्षावाल्या काकांना २०० रुपये देऊन विचारून घेतलं, दोघांनी मागून रिक्षा हलवली आणि एकाने बाजूने टॉर्च फिरवला. तीही जागा आदल्या दिवशी त्याच वेळी जाऊन पाहिली. या वेळी माणसंसुद्धा पाहिली. समोरच्या दुकानदाराला सांगून ठेवलं आणि ‘शूटिंग चालू है’ असा पुठ्ठा ट्रायपॉडला बांधला.

हिशेब असा झाला. काळं कापड १८०, पाच जणांचं खाणं ४२०, उरले १५०. पण मला खटकतो तो वेगळा आकडा. पिस्तूल, रंग आणि कलिंगडं मिळून ८०० रुपये गेले. आमच्या पैशांतला बरोबर तिसरा हिस्सा अशा वस्तूवर गेला, जी चित्रपटात एकदाही दिसत नाही.

आता आक्षेप. हाउसमध्ये मी हे बोललो तेव्हा एक सीनियर म्हणाले, “मिलिटरी स्कूलच्या पोरांनी बंदूक दाखवायची नाही, तर काय लाटणं दाखवायचं?” त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. आपल्या अंगावर गणवेश आहे, आणि युद्धावरचा लघुपट बंदुकीशिवाय होणार नाही. असा लघुपट करायचा तर शाळेच्या आवारात, ड्रिलच्या लाकडी रायफली घेऊन, उस्ताद समोर असताना करावा. त्याला माझी ना नाही. पण बाजारात, बसस्टँडवर, तलावावर, सुट्टीत आपल्या गावी खऱ्यासारखं दिसणारं हत्यार बाहेर काढायचं नाही, हा नियम प्रदर्शनाच्या अटींत लेखी हवा. आणि परीक्षकांनी पटकथा व शॉटची यादी आधी मागवून त्यांना वेगळे गुण द्यावेत. मग सगळी हाउसेस रंग देण्याआधी लिहायला बसतील. लाटण्याचं म्हणाल, तर अर्ध्या रात्री स्वयंपाकघरात लाटणं आपोआप गडगडत आलं, तर ते सीनियरही ब्लँकेट डोक्यावर घेतील, याची मला खात्री आहे.

चित्रपट आम्ही जूनमध्ये घरीच दाखवला. भिंतीवर पांढरी चादर, पंधरा-वीस माणसं. कूलरची पाती थांबली तेव्हा आजीने शेजारच्या काकूंचा हात धरला. मामा काही बोलले नाहीत. नंतर उठून मागच्या दाराची कडी लागली आहे का, ते बघून आले.

पिस्तूल अजून मावशीच्या कपाटात आहे. टोकाचा काळा रंग खरवडून काढायचा प्रयत्न केला, पूर्ण निघाला नाही. धाकटा मावसभाऊ पुढच्या चित्रपटातही काम करायला तयार आहे. धावण्याचा प्रसंग मात्र तो करणार नाही म्हणतो.