पाकिटातले जिवाणू आणि गोणीतला युरिया



पावसाची सर ओसरली, की इथे मुलुंड स्टेशनबाहेर कणसांच्या हातगाड्या लागतात. शेगडीत निखारे फुललेले असतात आणि लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून कणसावर चोळली जात असते. कचेरीतून परतणारी माणसे एका हाताने छत्री सावरीत उभ्या उभ्या कणीस खातात. मीही खातो. पण नोकरी उपनगरात असली तरी माझे घर नाशिक जिल्ह्यातले, शेतकऱ्याचे. कणीस हाती आले की मी आधी त्याचे टोक बघतो. दाणे टोकापर्यंत भरलेले असले तर समाधान वाटते. टोक बोडके असले तर मनात येते, या पिकाला ऐन वेळी खताची नाही तर पाण्याची ओढ बसली.

मुलुंडहून कुर्ल्याला गाडी बदलली की चेंबूर येते. तिथून पुढे तुर्भ्याला, ज्याला सगळे ट्रॉम्बे म्हणतात, १९६५ सालापासून खताचा कारखाना चालू आहे. १९७८ साली तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडे आला. तुमच्या घरात 'सुफला १५:१५:१५'ची रिकामी गोणी कशाला ना कशाला वापरात असेलच! तिचे मूळ गाव हे. याच कंपनीने 'बायोला' नावाचे जिवाणू खतही बाजारात आणले. गोण्या विकणाऱ्यानेच जिवाणूंचे पाकीटही विकावे, याचे मला पूर्वी नवल वाटे. गोणी आणि पाकीट एकमेकांचे वैरी आहेत, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीपायी घरच्या एका हंगामाला फटका बसला. तीच हकिगत आज सांगतो.

माझ्या शहाणपणाची किंमत

तीन वर्षांपूर्वी मी उन्हाळी सुट्टीला गावी निघालो, तेव्हा अ‍ॅझोटोबॅक्टरची पाकिटे घेऊन गेलो. पाकिटे पिशवीत, पिशवी एसटीच्या मागच्या खिडकीशी, वर मे महिन्याचे ऊन. घरी पोहोचल्यावर ती पत्र्याच्या पडवीत खुंटीला टांगली. पेरणीपर्यंत तिथेच राहिली.

दादाला मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, "हे जिवाणू हवेतला नत्र ओढून पिकाला देतात. युरिया निम्मा कर." दादाने धाकट्या भावाचा शब्द मानला. पाकिटे फोडून बियाण्याला चोळली. ते बियाणे कंपनीतूनच लाल औषध चोळून आलेले होते, याचा विचार दोघांनीही केला नाही. मका गुडघ्याएवढा झाला आणि खालची पाने पिवळी पडू लागली. पिवळेपणा पानाच्या टोकापासून मधल्या शिरेने आत शिरत होता. नत्राच्या उपासमारीची ही पक्की खूण. स्फुरद कमी पडला तर पान जांभळे होते. नत्र कमी पडला तर असे पिवळे. दादाने धावपळ करून युरिया टाकला, पण वेळ गेलेली होती. कणसे निघाली ती बोटभर टोक बोडके घेऊन. पुतणीच्या वसतिगृहाचे पैसे त्या मक्यावर काढायचे होते, ते सोसायटीचे उसने घेऊन भरावे लागले.

दादा मला एका शब्दाने बोलला नाही. वहिनी मात्र म्हणाल्या, "भाऊजी, औषध नवं असलं तर आधी एका ढोराला देतात. तुम्ही अख्ख्या गोठ्याला पाजलंत."

जिवाणू करतात तरी काय?

त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. आपल्या डोक्यावरच्या हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही. काही जिवाणू त्याचे पिकाजोगे रूप करतात. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी तुम्ही पाहिल्या आहेत. त्या रायझोबियमच्या. आपल्या देशात १९२०च्या सुमारास एन. व्ही. जोशी यांनी त्यांचा अभ्यास सुरू केला. मक्याच्या मुळांवर अशा गाठी होत नाहीत. त्याच्यासाठी दुसरे दोन सोबती आहेत. एक अ‍ॅझोटोबॅक्टर, हॉलंडच्या बायरिंक यांनी १९०१ साली दाखवून दिलेला. तो मुळांभोवतीच्या मातीत राहतो. दुसरा अ‍ॅझोस्पिरिलम, तो मुळांना चिकटून आणि थोडा मुळांच्या आतही राहतो. गवत आणि मका यांच्या मुळांवरच्या या जिवाणूकडे १९७०नंतर जगाचे लक्ष वेधले ते ब्राझीलमध्ये काम करणाऱ्या योहाना डोबेराइनर या बाईंनी.

तिसरा गडी स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचा. आपण डीएपी टाकतो, पण चुनखडीच्या काळ्या रानात त्यातला बराचसा स्फुरद चुन्याशी बांधला जातो आणि पिकाच्या हाती लागत नाही. हे जिवाणू आंबट द्रव्ये सोडून त्यातला काही भाग मोकळा करतात. घरात पैसे असून पेटीची किल्ली हरवावी, तशी या स्फुरदाची गत असते. हे जिवाणू म्हणजे ती किल्ली.

आता मी चुकलो कुठे ते ऐका. अ‍ॅझोटोबॅक्टर फुकट राबत नाही. प्रयोगशाळेत त्याला एक ग्रॅम साखर खाऊ घातली, तर तो साधारण १० ते २० मिलिग्रॅम नत्र बांधतो. म्हणजे एक किलो नत्रासाठी पन्नास ते शंभर किलो साखरेएवढा खुराक! रानात हा खुराक कुठून यायचा? शेणखतातून, कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आणि मुळांच्या पाझरातून. ज्या रानाने वर्षानुवर्षे शेणखत पाहिले नाही, तिथे पाकीट टाकणे म्हणजे पाहुण्यांना आवतण देऊन चूल बंद ठेवणे.

शिवाय मक्याची भूक मोठी. आपल्याकडे संकरित मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. म्हणजे एकरी ४८ किलोच्या आसपास नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत पावणेएकवीस किलो नत्र असतो. एवढी भूक जिवाणू एकटे कशी भागवणार? पूर्ण साथ दिली तर ते पाव हिस्सा हलका करतात, असे धरून चालावे. कुठे तेवढेही होत नाही.

मग उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. उपयोग दुसऱ्या बाजूने होतो. १९९९ साली अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी जगभरच्या धान्यपिकांचा हिशेब मांडला. घातलेल्या नत्रापैकी सुमारे ३३ टक्केच दाण्यात पोहोचतो, असे त्यांना आढळले. बाकीचा काही ताटात राहतो, काही हवेत उडतो, काही पावसाबरोबर खाली झिरपून विहिरीच्या पाण्यात जातो. हे जिवाणू मुळांच्या वाढीला चालना देणारी द्रव्येही तयार करतात. मुळे जास्त फुटली, पांढऱ्या केसाळ मुळ्यांचे जाळे पसरले, की टाकलेले खत वाहून जाण्याआधी पिकाच्या तोंडी लागते. जिवाणूंचा मोठा फायदा हाच. गोणी तीच राहते, तिच्यातले वाया कमी जाते.

पाकीट कसे वापरावे

घेताना तारीख बघा. पुडीतले जिवाणू साधारण सहा महिने टिकतात, द्रवरूप बाटलीतले वर्षभर. २००६ सालापासून जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत; पुडीत ग्रॅममागे किमान पाच कोटी आणि बाटलीत मिलिलिटरमागे दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत. पाकिटावर जिवाणूचे नाव, पीक आणि अंतिम तारीख छापलेली नसेल तर ते परत करा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयासारख्या ठिकाणी आणि कृषी विद्यापीठांकडे ही पाकिटे मिळतात. घरी आणल्यावर माठाजवळच्या गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. पत्र्याखाली ठेवू नका.

घरचे, औषध न चोळलेले बियाणे असेल तर किलोला २५ ग्रॅम अ‍ॅझोटोबॅक्टर आणि तेवढेच स्फुरदाचे जिवाणू घ्या. गुळाचे पाणी उकळून पूर्ण गार करा, त्यात पूड कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळा. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक चोळायचेच असेल तर ते आधी; जिवाणू सर्वांत शेवटी.

पण आज बहुतेकांचे बियाणे विकतचे असते. २०१८ साली लष्करी अळी आपल्या देशात आली, तेव्हापासून ते कीडनाशक लावूनच येण्याचे प्रमाण वाढले. असल्या रंगीत बियाण्यावर जिवाणू चोळू नका. एकरी दोन किलो पूड पन्नास किलो चाळलेल्या, मुरलेल्या शेणखतात मिसळा, पाणी शिंपडून ओलसर करा, गोणपाटाखाली रात्रभर सावलीत ठेवा आणि वाफशावर संध्याकाळच्या सुमारास सरीत टाकून मातीने झाका. युरिया आणि हे मिश्रण एकाच पाटीत कालवू नका. पेरणीआधी एकरी दोन-अडीच गाड्या शेणखत मात्र रानात गेलेले हवे.

युरिया एकदम न देता तीन वेळा विभागून द्या. एक हिस्सा पेरणीला, दुसरा महिन्याने, तिसरा चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, मातीत ओल असताना आणि मुळाशी झाकून. नत्र उधळला जाऊ नये याचा पहिला उपाय हाच, आणि त्याला पाकीटही लागत नाही.

वहिनींचे चार पट्टे

दुसऱ्या वर्षी मी ताजी पाकिटे ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रीच्या गाडीने नेली. या वेळी सूत्रे वहिनींच्या हाती होती. दादाने एक पट्टा पूर्ण युरियाचा ठेवला आणि एक पाऊण युरिया अधिक जिवाणूंचा. वहिनी म्हणाल्या, "दोन्ही सारखे आले तर कल्चरचा गुण म्हणायचा, की आपण आजवर युरियाच जास्त टाकत होतो म्हणायचं?"

मी गप्प झालो. शिकलेल्या माणसाला हा प्रश्न सुचायला हवा होता. मग त्यांनी चार पट्टे पाडले: पूर्ण युरिया, पूर्ण युरिया आणि जिवाणू, पाऊण युरिया, पाऊण युरिया आणि जिवाणू. प्रत्येक पट्टा आठ ओळींचा, बांधापासून आत, एकाच पोताच्या रानात. काढणीला चारींचे दाणे वेगळे वाळवले आणि वेगळे तोलले.

वरच्या रानात पाऊण युरिया आणि जिवाणूंचा पट्टा पूर्ण युरियाच्या बरोबरीने उतरला. नुसता पाऊण युरियाचा मागे पडला. म्हणजे तिथे जिवाणूंनी काम केले. खालच्या चोपणात, जिथे पाणी साचते, तिथे मात्र जिवाणू असोत की नसोत, काही फरक दिसला नाही. दादाने वरच्या रानात जिवाणू चालू ठेवले. खालच्या रानात आधी चर काढायचे ठरवले.

पैशाचा हिशेबही सरळ सांगतो. एकरी पाव हिस्सा नत्र वाचला म्हणजे अर्ध्या गोणीहून थोडा जास्त युरिया. युरियाची गोणी सरकारी अनुदानामुळे पावणेतीनशेच्या आत मिळते, तेव्हा वाचतात दीडशेच्या घरात रुपये. त्यातून पाकिटांचे पैसे वजा करा. एवढ्याने कोणी श्रीमंत होत नाही. पण डीएपीची गोणी तेरा-साडेतेराशेच्या घरात आहे, आणि रानात आधीच बांधला गेलेला स्फुरद मोकळा होत असेल तर ती बचत मोलाची. ऐन जुलैत युरियासाठी दुकानापुढे रांग लागते, तेव्हा अर्धी गोणी कमी लागणे हेही काही थोडे नाही. शेणखताची सवय परत लागली, ती वेगळीच कमाई.

तेव्हा बंधुभगिनींनो, येत्या हंगामात कोणी मुंबईकर पाहुणा बाटली हलवीत "युरिया बंद करा" म्हणाला, तर त्याला चहा पाजा, बाटली ठेवून घ्या आणि चार पट्टे पाडा. गोणी बंद करायची घाई नको, पाकिटाला नावे ठेवायचीही नको. ज्याच्या रानात पट्टे पडले, त्याचा तराजूच त्याला खरे काय ते सांगेल.

आमच्या घरचा तराजू वहिनींकडे असतो. पुतणीचे वसतिगृहाचे पैसे यंदा मक्यातूनच भरले. त्यांनी मला एवढेच कळवले, "भाऊजी, या खेपेला पाकिटं आणा. शहाणपण तिकडंच राहू द्या."